महामारीत ऑनलाइन मागवलेली उपकरणं: काय उपयोगी पडलं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०२० आणि २०२१ मध्ये घाबरून, घाईघाईत ऑनलाइन मागवलेल्या बऱ्याच वस्तू घरात पडून आहेत. ऑक्सिमीटर, कपाळासमोर धरायचा तापमापक, जांभळ्या उजेडाची यूव्ही कांडी, हवा शुद्ध करणारं यंत्र, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. यातली कोणती खरेदी चांगली ठरली, कोणती वाया गेली आणि आता कशाचं काय करायचं?

मी रुग्णालयांतल्या उपकरणांची देखभाल आणि कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांचे आकडे प्रमाणाशी ताडून बघण्याचं काम करतो. त्या काळात लोकांनी घरी वापरण्यासाठी घेतलेली यंत्रंही माझ्या टेबलावर सतत येत राहिली, म्हणून उत्तर त्या बाजूने देतो. आधी एक सांगायला हवं. त्या खरेदीबद्दल कोणी स्वतःला दोष देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महामारी म्हटलं, तेव्हा हा विषाणू नेमका कसा पसरतो यावर तज्ज्ञांचंही एकमत नव्हतं. दुकानं बंद, दवाखान्यात जायची भीती आणि घरात म्हातारी माणसं, अशा वेळी हाताशी येईल ते माणूस घेणारच. दोष द्यायचा तर त्या भीतीचा धंदा करणाऱ्यांना द्यावा.

एखादं उपकरण चांगलं की वाईट हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: ते चुकत असेल तर घरच्या घरी कळायला काही मार्ग आहे का? ज्यांची चूक पकडता येत होती, त्यांनी बहुतेक वेळा काम केलं. ज्यांचं काम दिसत नाही, मोजता येत नाही आणि फक्त खोक्यावर लिहिलेलं असतं, त्यांत सर्वांत जास्त पैसा बुडाला.

ऑक्सिमीटरपासून सुरुवात करू, कारण माझ्या मते ती त्या काळातली सर्वांत चांगली खरेदी होती, आणि सर्वांत जास्त बनावट मालही त्यातच आला. बोटातून दोन प्रकारचा प्रकाश जातो, साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. पण बोटात हाड आहे, त्वचा आहे, स्थिर रक्त आहे. मग धमनीतल्या रक्ताचाच हिशोब कसा लावायचा? प्रत्येक ठोक्याला जो भाग कमी-जास्त होतो तेवढाच मोजायचा, ही कल्पना जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. १८ एप्रिल २०२० रोजी ते वारले, म्हणजे घरोघरी लोक त्यांचंच उपकरण शोधत होते त्याच दिवसांत. ही गोष्ट मला आजही हलवते.

कोविडमध्ये या यंत्राचं मोल वेगळंच होतं. काही रुग्णांना दम लागल्याचं जाणवत नव्हतं, ते बोलत होते, फोनवर गप्पा मारत होते आणि रक्तातला ऑक्सिजन मात्र खाली गेलेला असायचा. संपृक्तता, म्हणजे किती टक्के हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन आहे तो आकडा, ९० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत शरीर बरंच सांभाळून घेतं, त्याखाली मात्र ती झपाट्याने घसरू शकते. ही घसरण दिसण्यासाठी घरात आकडा असणं, यामुळे कित्येक लोक वेळेत रुग्णालयात पोचले.

बनावट ऑक्सिमीटरला पाच तारे का मिळतात, हे इथेच समजून घ्यायला हवं. निरोगी माणूस यंत्र बोटाला लावतो, ९८ दिसतात, तो खूश होऊन चांगला अभिप्राय लिहितो. पण निरोगी माणसाचा खरा आकडा ९७-९८ च असतो! जे यंत्र काहीही न मोजता सरसकट ९८ दाखवतं, तेही त्याच्या बोटावर बरोबरच ठरतं. यंत्राची परीक्षा आकडा खाली यायला हवा तेव्हा होते, आणि अभिप्राय लिहिणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच त्या अवस्थेत नसतं. म्हणून मोजमाप करणाऱ्या वस्तूबाबत मी ग्राहकांचे तारे जमेस धरतच नाही. पोचवणी वेळेवर झाली का, खोकं फुटलं होतं का, एवढंच त्यातून कळतं.

घरी काय तपासता येईल? बोटाऐवजी पेन घाला. पेनावरही ७०-७५ ठोके आणि ९८ टक्के असे स्थिर आकडे आले तर ते यंत्र लगेच टाकून द्या. मग बोटाला लावून मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा आणि यंत्रावरच्या ठोक्यांशी ताडून पाहा. नाडी जुळत नसेल तर टक्केवारीवर विश्वास ठेवायला काही आधारच उरत नाही. लहर दाखवणारा पडदा असेल तर ती ठोक्याबरोबर नीट वर-खाली होते का ते पाहा. थंड बोटं, नेलपॉलिश, हलणारा हात या सगळ्यांनी आकडा बिघडतो, तेव्हा बोट गरम करून, हात स्थिर ठेवून आकडा थांबेपर्यंत वाट पाहायची. काही जण श्वास रोखून आकडा पडतो का ते बघत. ती परीक्षा कामाची नाही. थोडा वेळ श्वास रोखल्याने निरोगी माणसाची पातळी फारशी हलत नाही, आणि जी हलते ती बोटापर्यंत उशिराने पोचते.

चांगल्या यंत्रालाही मर्यादा आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त ऑक्सिमीटर ९० दाखवत असेल, तर खरी पातळी साधारण ८६ ते ९४ यांच्यामध्ये कुठेही असू शकते. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं होतं की ऑक्सिमीटरवर आकडा ठीक दिसत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांमध्ये जवळपास तिप्पट होतं. त्वचा गडद असेल तर यंत्र खरी घट झाकू शकतं. म्हणून एका आकड्यापेक्षा स्वतःच्या रोजच्या आकड्यात झालेला फरक महत्त्वाचा मानावा, आणि त्रास वाढत असेल तर यंत्र काहीही म्हणो, डॉक्टरांकडे जावं. फोनच्या फक्त कॅमेऱ्यावर ऑक्सिजन सांगणारी अॅप्स मात्र वापरूच नयेत. त्यांच्याकडे अवरक्त प्रकाशाचा स्रोत नसतो आणि माणसांवर केलेलं कॅलिब्रेशनही नसतं.

कपाळाच्या तापमापकाचं थोडक्यात सांगतो. तो शरीराच्या आतलं तापमान मोजत नाही, त्वचेतून निघणारी उष्णता मोजतो आणि हिशोब करून आतल्या तापमानाचा अंदाज देतो. उन्हातून आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलं असतं, थंडीतून आलेल्याचं गार. आत येऊन निदान १५-२० मिनिटं झाल्यावर, घाम पुसून, सांगितलेल्या अंतरावरून धरला तर वापरता येतो. त्या काळात भट्ट्या आणि मोटारींचं तापमान बघायच्या औद्योगिक बंदुकाही ताप मोजायच्या म्हणून विकल्या गेल्या. त्यांची चूक सहज २ अंश सेल्सिअसची असते, आणि ताप ठरवायला तेवढा फरक फार मोठा आहे. तोंडात किंवा काखेत धरायचा साधा डिजिटल तापमापक यापेक्षा केव्हाही भरवशाचा.

रक्तदाबाचं यंत्र घेतलं असेल तर ते जपा, मात्र दंडाला पट्टा बांधायचं असेल तर. मनगटाची यंत्रं हात हृदयाच्या उंचीवर नसला की चुकतात. पट्ट्यातली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाभोवती यायला हवी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की दाब खोटा वाढलेला दिसतो, आणि अशा आकड्यावरून माणूस उगाच घाबरतो. डॉक्टरांकडे जाताना यंत्र सोबत न्या आणि त्यांच्या यंत्राशी ताडून बघा.

आता ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. यावर जास्त बोलतो, कारण सर्वांत जास्त पैसा इथे गेला, आणि इथे फसवणूक झाली तेव्हा जिवाशी खेळ झाला. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. कॉम्प्रेसर हवा दाबून जिओलाइट नावाच्या पदार्थाच्या नळकांड्यात सोडतो. जिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं, ऑक्सिजन पुढे जातो. एक नळकांडं भरलं की दाब सोडून ते मोकळं करायचं आणि तेवढ्यात दुसऱ्यातून काम घ्यायचं. दर काही सेकंदांनी येणारा फुसफुस आवाज हा त्या अदलाबदलीचा असतो. चांगलं यंत्र साधारण ९० ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देतं. ८२ टक्क्यांखाली गेलेलं यंत्र उपचाराला चालत नाही.

गणित करून पाहा. मिनिटाला ५ लिटर, ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन हवा असेल तर हवेतला एकही कण वाया न जाता निदान २२ लिटर हवा आत घ्यावी लागेल. प्रत्यक्षात बराच ऑक्सिजन नायट्रोजनबरोबर बाहेर जातो, म्हणजे याच्या दुप्पट-तिप्पट हवा लागते. तेवढी हवा सतत दाबायला दमदार कॉम्प्रेसर लागतो, म्हणून खऱ्या ५ लिटरच्या यंत्राचं वजन साधारण १५ किलो किंवा जास्त असतं आणि ते ३०० ते ४०० वॅट वीज घेतं. मग पाच-सहा किलोचं, १०० वॅटच्या आसपास वीज घेणारं, ‘१ ते ७ लिटर’ लिहिलेलं यंत्र काय देत होतं? त्याची पुस्तिका शेवटपर्यंत वाचली तर बारीक अक्षरांत उत्तर सापडायचं: १ लिटरला ९० टक्क्यांच्या वर, ७ लिटरला जेमतेम ३०. रुग्णाची पातळी घसरली की घरचे लोक घाबरून बटण वाढवत, आणि बटण वाढवलं की शुद्धता खाली जायची. पुस्तिकेत खरं लिहून खोक्यावर ‘७ लिटर, ९३ टक्के’ छापणं ही मी पाहिलेली सर्वांत संतापजनक गोष्ट आहे. त्यात भर म्हणून, खांद्याला अडकवायच्या लहान यंत्रांपैकी बरीचशी फक्त श्वास घेताना ऑक्सिजनचा छोटा झोत सोडतात. त्यांच्यावर ‘५’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ मिनिटाला ५ लिटर असा होत नाही.

या यंत्राची चूक नुसत्या डोळ्यांनी पकडता येत नाही, पण पकडता येते. ऑक्सिजन अॅनालायझर नळीला लावून प्रत्येक प्रवाहावर टक्केवारी बघायची, काही मिनिटांचं काम आहे. उपकरणं दुरुस्त करणाऱ्या कोणाकडेही तो असतो. तुमच्याकडे यंत्र असेल तर हे एकदा नक्की करून घ्या, कारण इतकी वर्षं बंद राहिलेल्या यंत्रात ओलावा शिरून जिओलाइट निकामी झालेलं असू शकतं. दिवा हिरवा लागतो, आवाज येतो, बाटलीत बुडबुडे येतात, आणि नळीतून बाहेर पडते ती साधी हवा.

ऑक्सिजनचे छोटे डबे, फवाऱ्यासारखे, तेही खूप विकले गेले. एका डब्यात पाच-दहा लिटर वायू. मिनिटाला ५ लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो एक-दोन मिनिटं पुरेल. आजारात त्याचा काहीच उपयोग नव्हता.

यूव्ही कांड्या आणि डबे हा माझ्या कसोटीवर सर्वांत वाईट ठरलेला प्रकार. विषाणू निकामी करणारा प्रकाश म्हणजे यूव्ही-सी, साधारण २५४ नॅनोमीटर, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पाऱ्याच्या दिव्यात जो निळसर उजेड दिसतो तो सोबत निघणारा दुसरा प्रकाश असतो. स्वस्त कांड्यांत ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचे जांभळे एलईडी होते, ज्यांनी नोटा किंवा शाई चमकते. त्यांच्याकडून निर्जंतुकीकरणाची अपेक्षा ठेवता येत नाही. खरा यूव्ही-सी दिवा असला तरी साधी काच आणि बहुतेक प्लास्टिक तो अडवतं, सावलीत तो पोचत नाही, आणि तीव्रता गुणिले वेळ मिळून पुरेशी मात्रा व्हावी लागते. वस्तूवरून हात फिरवल्यासारखी कांडी फिरवून ती मात्रा क्वचितच भरते. उलट काही कांड्यांतून धोकादायक मात्रा निघत होती. २०२२ मध्ये अमेरिकेच्या त्याच अन्न व औषध प्रशासनाने काही कांड्या तपासून इशारा दिला की त्या काही सेकंदांत त्वचेला आणि डोळ्यांना इजा करू शकतात. डोळ्यांची ही इजा काही तासांनी जाणवते, वाळू गेल्यासारखं खुपतं. म्हणजे कांडी विषाणू मारते का हे घरी कळत नाही, आणि डोळा भाजतोय हेही त्या क्षणी कळत नाही. ठेवू नका. पाऱ्याचा दिवा असेल तर घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

शिवाय पिशव्या, किल्ल्या, फोन यांवरून होणारा संसर्ग मुळातच कमी होता. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये म्हटलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारण १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी आहे. गळ्यात अडकवायची क्लोरिन डायऑक्साइडची कार्डं, खोलीत ओझोन सोडणारी यंत्रं यांबद्दल तर एवढंच सांगतो: माणसाला सुरक्षित असेल इतक्या मात्रेत ओझोन हवा स्वच्छ करत नाही, आणि हवा स्वच्छ करेल इतकी मात्रा फुप्फुसाला घातक असते.

हवेतून होणारा प्रसार स्पष्ट झाल्यावर ज्यांनी हेपा फिल्टरचं यंत्र घेतलं, त्यांची खरेदी आजही कामाची आहे. धूळ, धूर, परागकण, सगळ्यासाठी. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे निदान ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर. हा आकार मुद्दाम निवडलेला आहे, कारण याहून लहान आणि याहून मोठे, दोन्ही कण जास्त सहज अडकतात. विषाणू ०.३ पेक्षा लहान म्हणून हेपातून निसटतो, हा गैरसमज मी फार ऐकला. ‘हेपा-टाइप’, ‘हेपासारखा’ असे शब्द असतील तर मात्र ही हमी नसते.

यंत्र किती मोठं हवं, हे घरी मोजता येतं. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते. तासाला पाच वेळा ती गाळून निघावी असं धरलं, तर यंत्राची स्वच्छ हवा देण्याची क्षमता, म्हणजे सीएडीआर, तासाला १८० घनमीटर हवी. हा आकडा बहुतेक वेळा सर्वांत वरच्या वेगावर मोजलेला असतो. रात्री आवाज नको म्हणून तळाच्या वेगावर लावलं की क्षमता बरीच कमी होते. टेबलावर पेल्याएवढं ठेवायचं यंत्र खोलीसाठी कसं पुरणार! ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतले रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी चार चांगले फिल्टर आणि एक चौकोनी पंखा चिकटपट्टीने जोडून घरी करायची पेटी सुचवली. कित्येक महागड्या यंत्रांच्या तोडीची हवा ती गाळते, आणि तिच्यात लपवण्यासारखं काही नाही. यंत्राला आयनायझरचं, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडण्याचं बटण असेल तर ते बंदच ठेवा.

कमी लोकांनी घेतलेली, पण मला मनापासून आवडणारी वस्तू म्हणजे कार्बन डायऑक्साइड मापक. आपल्या उच्छ्वासात हा वायू सुमारे ४ टक्के असतो, त्यामुळे बंद खोलीत दुसऱ्याने सोडलेली हवा आपण किती घेतोय याचा अंदाज त्यावरून येतो. इथेही दोन प्रकार आहेत. खरा मापक अवरक्त प्रकाशाने मोजतो. खोटा दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधून आकडा दाखवतो. ओळखणं अगदी सोपं. उघड्यावर नेला की आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास यावा. मग जवळ थोडा सॅनिटायझर फवारा. आकडा एकदम हजारोंवर उडाला तर तो अल्कोहोलला भुललेला, म्हणजे खोटा आहे. मी म्हणतो तशी, चूक पकडता येणारी वस्तू ही.

सॅनिटायझरच्या उरलेल्या बाटल्या टाकून द्या. जून २०२० पासून मिथेनॉल मिसळलेल्या उत्पादनांबद्दल इशारे आले होते, आणि तुमच्या बाटलीत काय आहे हे आता सांगता येणार नाही. जुन्या एन९५ मास्कचं इलास्टिक सुटलेलं असेल तर तो गालाला घट्ट बसत नाही, आणि अल्कोहोलने पुसलेल्या मास्कमधला विद्युतभार गेलेला असतो. तो भारच बारीक कण ओढून धरतो.

यापुढे काही घ्यायचं झालं तर प्रमाणपत्राच्या चित्राकडे नीट बघा. ‘एफडीए नोंदणी प्रमाणपत्र’ म्हणून गरुडाच्या चित्राचा कागद दाखवला जातो, पण ते प्रशासन असं नोंदणी प्रमाणपत्र देतच नाही. नोंदणी म्हणजे कंपनीने आपलं नाव कळवलं, यंत्र तपासलं गेलं असा अर्थ होत नाही. ऑक्सिमीटरसारख्या उपकरणावर युरोपची सीई खूण असेल तर तिच्याजवळ तपासणी संस्थेचा चार आकडी क्रमांक असावा लागतो. तो नसेल तर पुढे जाऊ नका. अभिप्राय वाचताना सर्वांत जुने उघडा. एखाद्या भलत्याच वस्तूचं कौतुक तिथे सापडलं, तर जुन्या पानावर नवा माल चढवलेला आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये या प्रकारावर पहिल्यांदा कारवाई केली.

शेवटी पडून असलेल्या यंत्रांविषयी. ऑक्सिमीटर, तापमापक, रक्तदाबाचं यंत्र यांतले सेल आजच काढून ठेवा. गळून गंजलेले सेल हेच त्यांच्या बिघाडाचं मला सर्वांत जास्त दिसणारं कारण आहे. कॉन्सन्ट्रेटर कोणाला द्यायचा असेल तर आधी अॅनालायझरने तपासून कोणत्या प्रवाहाला किती टक्के येतात ते कागदावर लिहून यंत्रालाच चिकटवा, यंत्र एकूण किती तास चाललं ते दाखवणाऱ्या तासमापकावरचा आकडाही लिहा. नळी, मास्क आणि पाण्याची बाटली जुनी देऊ नका, ती नवीच घ्यायला सांगा. आणि तपासणीत ८२ च्या खाली आलेलं यंत्र फुकटही देऊ नका. जिओलाइट बदलून मिळतं का ते आधी विचारा, नाहीतर ते सुट्या भागांसाठी दुरुस्तीवाल्याकडे जाऊ द्या.